देवळालीच्या गुरुजींची संख्या

मुळशी तालुक्यात भाताची लावणी सुरू झाली की शाळेतले बरेच बाक रिकामे दिसतात. घरची लहानथोर सगळी माणसं खाचरात उतरलेली असतात. अशाच एका ओल्या दुपारी ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका शाळेत मी पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलो होतो. गणित शिकवणाऱ्या गुरुजींनी चहा पुढे केला आणि हसत म्हणाले, "सर, नवे शोधबिध लावायचे ते तुम्ही कॉलेजवाल्यांनी. आम्ही आपले पाढे म्हणवून घेणार." बोलणे विनोदाचे होते, पण त्यात थोडी खंतही होती. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. ते आज देतो आहे, त्यांना आणि तुम्हा सर्वांनाही.

हे उत्तर एका शाळामास्तरांच्या चरित्रात आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. तिची गोडी मुलाला घरातच लागली. शालेय शिक्षण ठाण्याला झाले आणि पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या नावाने दिले जाणारे गणिताचे पारितोषिक कापरेकरांना १९२७ साली मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवत राहिले.

आता त्यांनी काय शोधले ते पाहू. पाटी-पेन्सिल किंवा कागद जवळ घ्या. कोणतीही चार अंकी संख्या मांडा. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. आपण कापरेकर नोकरीला लागले तेच साल घेऊ, १९३०. यातले अंक उतरत्या क्रमाने लावले की ९३१० होतात आणि चढत्या क्रमाने लावले की ०१३९. पुढचे शून्य टाकून द्यायचे नाही, त्याची जागा राखायची. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की बाकी ९१७१. तिचेही तसेच करा. ९७११ वजा ११७९, बाकी ८५३२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४.

आणखी एकदा करून पाहा. ७६४१ वजा १४६७, बाकी पुन्हा ६१७४! इथे गाडी थांबली, ती पुढे जात नाही. तुम्ही दुसरी कोणतीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वरच येऊन पोचाल. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर बरोबर सात लागतात. ती वजाबाकी मी इथे करून दाखवत नाही, तुमच्यासाठी ठेवतो. हा शोध त्यांनी १९४६ साली लावला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आज ६१७४ ही संख्या जगभर 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाते.

असे का होते? ही जादू नव्हे. अंक क्रमाने लावल्यावर सर्वांत मोठा अंक हजाराच्या घरात असतो. उलट क्रमात तोच एककाच्या घरात जातो आणि सर्वांत लहान अंक हजाराच्या घरात येतो. मधले दोन अंक शतक आणि दशक या घरांत आपसांत जागा बदलतात. म्हणून बाकी ठरते ती फक्त दोन गोष्टींवर: बाहेरच्या दोन अंकांतले अंतर आणि मधल्या दोन अंकांतले अंतर. बाहेरच्या अंतराला ९९९ ने गुणा, मधल्या अंतराला ९० ने गुणा आणि बेरीज करा. ९३१० मध्ये बाहेरचे अंतर ९ आणि मधले २. तेव्हा ८९९१ अधिक १८०, म्हणजे ९१७१. वजाबाकी न करताच बाकी आली.

बाहेरचे अंतर १ ते ९ पर्यंत असू शकते आणि मधले अंतर त्याहून मोठे असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. चारही अंक सारखे नसलेल्या संख्या, पुढची शून्ये धरून, ९९९० आहेत. पण पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या या ५४ वाटांवर येतात आणि त्या वाटा तपासल्या की काम संपते. वर्गातल्या मुलांना वाटून दिल्या तर एका तासात तपासून होतील. वजाबाकीचा याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही, कारण इथे मुलाला उत्तर बरोबर आहे की नाही हे गुरुजींना विचारावे लागत नाही. ६१७४ आले नाही तर कुठे तरी हातचा चुकला आहे, हे त्याचे त्यालाच कळते.

कापरेकरांनी आणखीही संख्या शोधल्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून मिळवले की पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. या झाल्या कापरेकर संख्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या: १ अधिक ८ म्हणजे ९, आणि ९ ने १८ ला पूर्ण भाग जातो. त्यांच्या 'स्वयंभू' संख्यांचेही असेच आहे. २१ मध्ये तिचे अंक २ आणि १ मिळवले की २४ तयार होते, म्हणजे २१ ही २४ ची जननी. पण २० ला अशी जननीच नाही. ती स्वयंभू.

त्या काळी पुष्कळ विद्वानांनी हे सारे अंकांचे खेळ म्हणून हसण्यावारी नेले. दशमान पद्धत सोडली तर ६१७४ चे हे महत्त्व उरत नाही, हे खरेच आहे. या संख्येने पूल बांधले जात नाहीत की भाताचे उत्पन्न वाढत नाही. पण कापरेकर खचले नाहीत. ते छोट्या पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर चरितार्थासाठी त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या, तरी संख्यांचा नाद सुटला नाही. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर पोचले. तोपर्यंत त्यांनी सत्तरी ओलांडली होती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

माझ्या नावापुढे एम. ए. आहे. वीस वर्षे मी महाविद्यालयात गणित शिकवतो आहे. पण माझ्या नावाची एकही संख्या नाही! कापरेकरांजवळ नव्हती ती मोठी पदवी आणि मोठी प्रयोगशाळा. होते ते खडू, फळा आणि 'असे का?' हा प्रश्न. मुळशीच्या शाळेत यांतले काय कमी आहे?

तेव्हा गुरुजी, पाढे जरूर म्हणवून घ्या. लावणी आटोपून मुले वर्गात परत आली की त्यांना चार अंक मांडायला सांगा आणि ६१७४ हे उत्तर मात्र आधी सांगू नका.