दान दिलेल्या सोफ्याची किंमत किती?

एमएससाठी अमेरिकेला निघालाय? मग मूव्ह-आउटच्या वेळी जुनं सामान ‘गुडविल’ला देऊन पावती जपणारे सीनिअर्स भेटतीलच. या दानावर तिथे इन्कम टॅक्समध्ये वजावट मागता येते. पण शंभर डॉलरचा सोफा दिला म्हणून शंभर धरायचे नाहीत हं! धरायचा आजचा बाजारभाव, म्हणजे तसाच वापरलेला सोफा थ्रिफ्ट स्टोअरमध्ये कितीला जातो, तेवढाच. पावतीवर संस्था सहसा आकडा लिहीत नाही, तो तुम्हीच ठरवायचा. मोह होतो तो इथेच. म्हणून २००६ मध्ये कायदा कडक झाला. फाटके कपडे, मोडक्या खुर्च्या बाद! वस्तूंचा वर्षाचा आकडा ५०० डॉलरवर गेला की फॉर्म ८२८३ भरा. देण्याआधी फोटो काढाच.

आता खरी मेख. ‘स्टँडर्ड डिडक्शन’ घेतलं की वस्तूंची वजावट मिळत नाही. आणि भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना ते घेता येतं, बहुतेकांना तेच परवडतं. मग पावत्यांची फाइल कशाला?

आपल्याकडे तर पूरग्रस्तांना चादरी दिल्या तरी करसवलत नाही. ‘८०जी’ फक्त पैशांच्या देणगीला, तीही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच.