गढूळ पाण्यातला रंग

गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी एक खोटा मासा विकत आणला. बोटभर लांब, पाठ निळीशार, पोट चंदेरी, खाली दोन गळ. या प्रकाराला 'लुअर' म्हणतात. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावण्याऐवजी हा पाण्यात फेकून ओढत आणायचा, म्हणजे मोठा मासा त्याला भक्ष्य समजून झडप घालतो. सप्टेंबरातला एक अख्खा रविवार मी माधवनगरहून सायकल मारीत जाऊन हरिपूरच्या संगमावर घालवला. कृष्णा आणि वारणा, दोन्ही गढूळ. संध्याकाळपर्यंत माझ्या गळाला लागली ती एक फाटकी गोणी. शेजारी बांबूच्या काठीला गांडूळ लावून बसलेल्या मामांनी तोवर दोन शिंगाळे आणि एक वाम काढली होती. ते म्हणाले, "आरं, त्यो निळा हाय का काळा, हे माशाला तरी दिसतंय का? त्येला इचार की!"

मामांनी थट्टा केली खरी, पण प्रश्न शास्त्रीय होता.

आपल्या घरातल्या बायका साडी घेताना ती दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघतात. पिवळ्या दिव्याखाली गडद निळी आणि काळी साडी सारखीच दिसते, कारण त्या दिव्यात निळा प्रकाश फारसा नसतोच. जो रंग प्रकाशात नाही, तो वस्तूवरून परतणार कुठून? पाण्याखालीही हेच घडते.

समुद्राचे किंवा डोंगरी झऱ्याचे नितळ पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊ देते. त्यामुळे तिथे दहा मीटर खाली तांबडी वस्तू काळपट दिसते. मासेमारीच्या पुष्कळशा पुस्तकांतले रंगांचे सल्ले अशा पाण्याचे असतात. आमची कृष्णा पावसाळ्यात तशी नसते. महाबळेश्वरपासूनची माती, कराडला मिळालेल्या कोयनेचे पाणी, ब्रह्मनाळजवळ येरळेने आणलेला माणदेशाकडचा गाळ, वर कुजका पालापाचोळा, असे सगळे घेऊन ती सांगलीला येते. मातीतले लोहाचे अंश आणि पाल्याचा अर्क निळा-जांभळा प्रकाश पहिल्या झटक्यात गिळतात. मागे उरतो तो पिवळट, नारिंगी, तांबूस उजेड, आणि तोही थोडाच. म्हणजे माझा निळा मासा त्या पाण्यात एक मळकट सावली होऊन फिरत होता!

निसर्गाने माशाची सोयही तशीच केली आहे. जॉर्ज वाल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिले, की गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांच्या डोळ्यांतले रंगद्रव्य आपल्यापेक्षा वेगळे, 'अ' जीवनसत्त्वाच्या दुसऱ्या प्रकारापासून बनलेले असते. त्यामुळे त्यांची दृष्टी तांबड्या बाजूला थोडी सरकलेली असते. दृष्टीवरच्या संशोधनाबद्दल वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून गढूळ पाण्यात पिवळा, नारिंगी, पोपटी हे रंग बरे. मात्र एक रंग या हिशोबात बसत नाही आणि तरीही चालतो, तो म्हणजे काळा. मरळ मासा दबा धरून बसतो आणि भक्ष्याकडे पुष्कळदा खालून वर बघतो. वर असते ते उजळ आकाश. त्या उजेडापुढे कोणताही रंग काळाच दिसणार, मग मुळात काळाच का नको? त्याची कड सर्वांत ठसठशीत उमटते. माझ्या मते रंगापेक्षा ही कडच महत्त्वाची; दुकानदार विकतात ती निम्मी रंगीबेरंगी नक्षी माशासाठी नसून माणसासाठी असते.

पाणी अगदीच चहासारखे झाले, की डोळ्यांचा कारभार संपतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीकशी थरथर तिला जाणवते. शिंगाळ्याला तर मिशा आहेत, त्यांनी तो चव आणि स्पर्श दोन्ही घेतो. मामांच्या गांडुळाचे रहस्य ते हेच. अशा वेळी हलणारे, खुळखुळणारे जाडसर आमिष हळू ओढावे, नाहीतर सरळ गांडूळ लावावे.

पाणी किती गढूळ, हे मोजायची युक्ती इटलीच्या सेक्की या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ साली वापरली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. मी घरातली इनॅमलची जुनी ताटली वापरतो. (आईला अजून पत्ता नाही.) ती हातभर खोल दिसत असेल तर पिवळा किंवा नारिंगी, वीतभरातच नाहीशी झाली तर काळा, चार हात खाली दिसली तर चंदेरी.

ताटली सोडायची ती पुलावरून किंवा उंच घाटावरून. गढूळ पाण्यात मासे काठाजवळ येतात, म्हणून आपणही पाण्यात उतरतो. पण औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झाले आहेत, आणि ज्या पाण्यात ताटली दिसत नाही त्यात मगरही दिसत नाही. शिवाय पहिल्या पुराला चढणीचे मासे अंडी घालायला निघतात. तेव्हा मामा गळ टाकत नाहीत, मीही टाकत नाही.

जानेवारीत पाणी निवळले. ताटली चार हातांखाली स्पष्ट दिसत होती. कपाटातला तो निळा-चंदेरी मासा मी पुन्हा बाहेर काढला, आणि तिसऱ्याच फेकीला मरळ लागला. मामा काही बोलले नाहीत. फक्त लुअर हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहत होते.