कविराय राम जोशी

पेशवाईच्या उत्तरकाळात महाराष्ट्रातील गावोगावी रात्रीच्या वेळी तमाशाचे फड रंगत असत. दिवसभराची कामे आटोपून लोक चावडीपुढे किंवा देवळाजवळच्या मोकळ्या जागेत जमत. मशाली पेटत. विस्तवाजवळ धरून तापवलेल्या डफावर थाप पडे आणि त्याचा आवाज गावकुसाबाहेरही ऐकू जाई. डफाच्या जोडीला तुणतुणे असे. या वाद्याला तार एकच. तिच्यातून निरनिराळे स्वर निघत नाहीत, परंतु गाणाऱ्याला सुराचा आधार मिळतो. एवढ्या साध्या सामग्रीच्या बळावर शाहीर पुढे येई आणि मागे उभे असलेले झीलकरी त्याच्या ओळीचा शेवट उंच स्वरात उचलून धरीत. श्रोता कंटाळला तर उठून जाण्यास मोकळा होता. त्यास जागेवर बसवून ठेवायचे ते केवळ शब्दांनी आणि तालाने.

सोलापुरातील धोंडी शाहिराचा फड असाच प्रसिद्ध होता. त्या फडाकडे रात्री-अपरात्री ओढला जाणारा एक मुलगा मात्र तेथे अपेक्षित नव्हता. त्याचे नाव राम जगन्नाथ जोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आरंभी, सोलापुरातील एका विद्वान ब्राह्मण घराण्यात त्याचा जन्म झाला. घरी पोथ्यांचा आणि संस्कृत विद्येचा वारसा होता. थोरले बंधू मुद्गल जोशी हे शास्त्री असून पुराण सांगण्याबद्दल त्यांची ख्याती होती. धाकट्या भावाने हीच विद्या पुढे चालवावी, अशी त्यांची अपेक्षा असणे स्वाभाविकच होते.

रामाचे मन मात्र पोथीपेक्षा डफाकडे धाव घेई. तो प्रथम नुसता ऐकावयास जात असे. पुढे त्याला स्वतःलाच शब्द सुचू लागले. धोंडीच्या फडासाठी तो लावण्या रचून देऊ लागला आणि त्याने रचलेले शब्द लोकांच्या तोंडी खेळू लागले. कोवळ्या वयातील कवीला आपली ओळ अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळाली, म्हणजे त्याला काय वाटत असेल, याची कल्पना करता येईल. या आनंदाची एकदा चव लागल्यावर त्याला आवरणे कठीण होते.

ही गोष्ट घरी कळल्यावर मोठा प्रसंग उद्भवला. मुद्गल जोशी यांनी धाकट्या भावास घराबाहेर काढले. आज आपणास हे कठोर वाटते. परंतु त्या काळची समाजरचना ध्यानात घेतल्याखेरीज हा राग समजणार नाही. तमाशात नाचणारे, गाणारे आणि वाद्य वाजवणारे कलावंत बहुधा अशा जातींतील असत, की ज्यांना तत्कालीन समाज गावकुसाबाहेर ठेवी. त्यांची कला ऐकण्यासाठी सारा गाव लोटत असे, पण दिवसा त्यांची सावलीही कित्येकांना चालत नसे. हा समाजाचा अन्याय होता. शास्त्र्यांच्या घरातील मुलाने त्या कलावंतांच्या बरोबरीने फडात उभे राहणे म्हणजे घराण्याचे नाव बुडवणे, असे मुद्गल जोशींसारख्या सज्जन माणसासही वाटले, यात नवल नाही.

घर सुटलेला राम पंढरपुरास गेला. सोलापूरहून पंढरपूर सुमारे 70 किलोमीटर. तेथे बाबा पाध्ये नावाचे विद्वान होते. त्यांच्याजवळ राहून त्याने संस्कृताचे आणि काव्यशास्त्राचे अध्ययन केले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घरात असताना जी विद्या त्याला नकोशी झाली होती, तीच त्याने घर सुटल्यावर आपण होऊन मिळवली. आता ती कोणी त्याच्यावर लादलेली नव्हती. शब्दांचे सामर्थ्य त्याने फडात पाहिले होते. ते सामर्थ्य कशात असते, हे त्याला पंढरपुरात शास्त्राच्या भाषेत उमगले. पुढे त्याने संस्कृतात ‘मदालसाचंपू’ नावाचा ग्रंथही रचला. गद्य आणि पद्य यांचे मिश्रण ज्यात असते, अशा काव्यास चंपू म्हणतात आणि तो रचण्यास भाषेवर चांगलेच प्रभुत्व लागते.

विद्या संपादन करून तो परतला तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक कीर्तनकाराची, ती सन्मानाची होती. दुसरी शाहिराची, तीत लोकांचे प्रेम होते, पण प्रतिष्ठितांचा रोषही होता. राम जोशी आयुष्यभर या दोन्ही वाटांवरून चालला. त्याने कीर्तने केली आणि तमाशाचा फडही गाजवला.

कीर्तनामुळे त्याचा संबंध बारामतीच्या मोरोपंतांशी आला. मोरोपंत (1729–1794) हे त्या काळचे मोठे पंडित कवी. त्यांनी विपुल आर्या लिहिल्या. परंतु संस्कृत शब्दांनी भरलेली आणि मात्रांच्या हिशेबाने चालणारी आर्या सामान्य श्रोत्यास अवघड वाटे. राम जोशी याने त्या आर्या कीर्तनातून गाऊन लोकांपर्यंत पोहोचवल्या. पंडिताची कविता लोकांच्या कानी पडली ती एका शाहिराच्या गळ्यातून! मोरोपंतांना या तरुणाचे कौतुक वाटे.

आता त्याच्या रचनेकडे वळू. कवितेत ओळींच्या शेवटी यमक असते, हे तुम्हांस ठाऊक आहेच. राम जोशी तेवढ्यावर थांबत नसे. एकाच ओळीच्या पोटात तो सारख्या ध्वनीचे तीन-चार शब्द पाठोपाठ योजी, की जणू शब्दांनीच डफ वाजवावा. याची गंमत पाहावयाची असल्यास ‘घाटात वाट, वाटेत दाट झाडी’ एवढे साधे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. ‘घाट’, ‘वाट’, ‘दाट’ या प्रत्येक शब्दाबरोबर बाकावर बोटाने ठोका द्या. वाक्य आपोआप ताल धरते. राम जोशी याच्या लावण्यांत असे ठोके ओळीमागून ओळ येतात आणि तरीही अर्थ कोठे अडखळत नाही. नुसता नाद साधणे फारसे कठीण नसते. नादाच्या पायी अर्थाचा बळी न देणे, हे खरे कठीण.

दुसरे त्याचे वैशिष्ट्य भाषांचे. सोलापूर हे पूर्वीपासून भाषांच्या सीमेवरील गाव. बाजारात मराठीच्या जोडीने कानडी कानावर पडते. हिंदी बोलणारेही पुष्कळ. संस्कृत तर त्याच्या घरचेच. या साऱ्या भाषा त्याने लावणीत आणल्या. संस्कृतातही त्याने लावणी रचली आणि मराठी, संस्कृत, हिंदी, कानडी अशा भाषा एकत्र गुंफूनही रचली. जी भाषा देवघरात बोलली जाई, ती डफाच्या तालावर उभी राहिली आणि जी बाजारात बोलली जाई, ती तिच्या शेजारी जाऊन बसली. लोकांना हे ऐकून किती मौज वाटली असेल!

तमाशाच्या फडात आणखी एक परीक्षा असे. शाहिरांचे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. एका पक्षाचा शाहीर पुराणातील एखादे कोडे गाण्यातून टाकी आणि दुसऱ्या पक्षाच्या शाहिराने त्याचे उत्तर गाण्यातूनच, तेथल्या तेथे, द्यावे लागे. या झगड्यास सवाल-जवाब म्हणतात. कधी कधी हे सामने पहाटेपर्यंत चालत. अशा वेळी लिहून आणलेले कवित्व उपयोगी पडत नाही. पाठांतर, बहुश्रुतता आणि हजरजबाबीपणा या तिन्हींची कसोटी लागते. पुराणे ऐकत वाढलेल्या शाहिराच्या गाठीशी अशा वेळी केवढी शिदोरी असे, हे वेगळे सांगावयास नको.

आजच्या मुलांनी ‘रॅप’ नावाचा गायनप्रकार ऐकलेला असतो. तो ज्या हिप-हॉप परंपरेतून आला, तिचा उगम अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. तेथील कृष्णवर्णी व इतर गरीब वस्त्यांतील तरुणांनी ती घडवली. 11 ऑगस्ट 1973 रोजी एका इमारतीच्या दिवाणखान्यात भरलेल्या मेळाव्यात ‘कूल हर्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने तबकड्या वाजवल्या. तो प्रसंग या परंपरेचा आरंभ मानला जातो. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवायचा आणि त्या ठेक्यावर यमकांनी बांधलेले शब्द झपाट्याने म्हणायचे, अशी ही पद्धत विकसित झाली. तेथेही दोन गायक समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांनी जिंकू पाहतात. मुंबईच्या गल्ल्यांतील मुलांनी हा प्रकार आपल्या बोलीत आणला आणि 2019 साली ‘गली बॉय’ या हिंदी चित्रपटामुळे त्याची चर्चा घरोघर झाली.

ब्राँक्सच्या तरुणांनी आमच्या शाहिरांचे नावही ऐकलेले नसणार आणि एकाने दुसऱ्यापासून काही घेतले, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तरीही साम्य डोळ्यांत भरते. हातात वाद्य जवळजवळ नाही, पाठीशी प्रतिष्ठा नाही; आहे तो ताल, आहेत ते शब्द आणि समोर आहे तो परीक्षा घेणारा जमाव. भेदही सांगितला पाहिजे. रॅप गाणारा बहुधा स्वतःच्या वस्तीची आणि स्वतःच्या आयुष्याची कहाणी सांगतो. जुना शाहीर स्वतःविषयी फारच थोडे बोले. कवितेच्या शेवटी आपली नाममुद्रा तेवढी तो गुंफी. राम जोशी याची मुद्रा होती ‘कविराय’.

त्याच्या लावण्यांपैकी पुष्कळशा शृंगारिक आहेत. त्यांचा आस्वाद मोठेपणी घ्यावा. पण त्याने वैराग्यपर आणि उपदेशपर लावण्याही रचल्या आणि त्यांतील त्याची वाणी फार परखड आहे. अंगास राख फासून, जटा वाढवून साधुत्वाचे सोंग घेणाऱ्यांना त्याने भरसभेत खडसावले आहे. मन शुद्ध नसेल तर वेष धारण करून काय उपयोग, हा त्याचा प्रश्न. संतांनी हाच प्रश्न अभंगातून विचारला होता. राम जोशी याने तो तमाशाच्या फडात विचारला. जे श्रोते करमणुकीसाठी आले होते, त्यांना तो तेथे ऐकावा लागला.

हळूहळू त्याची कीर्ती सोलापूर-पंढरपुरापुरती राहिली नाही. त्या काळी कलावंताच्या उत्कर्षाचा अखेरचा टप्पा म्हणजे पुणे. तेथे दुसरा बाजीराव 1796 मध्ये पेशवेपदावर आला. तो कलावंतांचा आश्रयदाता होता. राम जोशी याचाही त्याच्याकडून सन्मान झाला. त्याच सुमारास महाराष्ट्रात इतरही नामांकित शाहीर होऊन गेले. संगमनेरचा अनंतफंदी ब्राह्मण, पुण्याचा होनाजी गवळी, परशराम शिंपी आणि सगनभाऊ मुसलमान. ज्या समाजात जातीजातींत एवढ्या भिंती होत्या, त्याच समाजात लावणी मात्र सर्वांच्या घरची झाली होती.

दरबारी आश्रयाची दुसरी बाजूही आहे. राज्य खिळखिळे होत चालले असता दरबार गाण्याबजावण्यात रमला होता, असा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे आणि तो खोटा नाही. आश्रित कवीला धन्याची स्तुतीही करावी लागते. या दोषातून राम जोशी सुटला, असे म्हणता येणार नाही. मात्र त्याच्या ज्या रचना पुढे टिकल्या, त्या धन्याच्या स्तुतीमुळे टिकल्या नाहीत. 1812च्या सुमारास त्याचे निधन झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1818 मध्ये, पेशवाई बुडाली आणि दरबारच उरला नाही. लावण्या उरल्या, कारण त्या लोकांना पाठ होत्या.

पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुन्या शाहिरांचे कवित्व मोठ्या कष्टाने गोळा केले. फडावरच्या गायकांच्या तोंडून आणि जुन्या बाडांतून मिळवलेल्या या संग्रहात राम जोशी याच्या लावण्यांनाही छापील रूप मिळाले. पाठांतरावर जगलेल्या कवितेत शब्द इकडचे तिकडे होतात, कडवी गळतात, एकाची ओळ दुसऱ्याच्या नावावर जाते. अशा वेळी शेवटच्या कडव्यातील ‘कविराय’ ही मुद्रा संग्राहकाच्या किती उपयोगी पडली असेल!

1947 साली राजकमल कलामंदिर या संस्थेने ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट काढला. कथा व गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे. राम जोशी याची भूमिका जयराम शिलेदार यांनी केली आणि त्यांच्यासमवेत हंसा वाडकर होत्या. चित्रपट अतिशय गाजला आणि शास्त्र्यांच्या घरातून बाहेर पडलेल्या त्या सोलापूरच्या मुलाची गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. तिची हिंदी आवृत्तीही निघाली.