मातृत्व रजेचा खर्च कोणी सोसायचा?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक गोष्ट आडपडदा न ठेवता मान्य केली होती. प्रसूतीच्या काळात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या लाभाचा बराचसा भार खरे तर सरकारनेच उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही तोवर, स्त्रियांना कामावर ठेवण्यात ज्याला किफायत दिसते, त्या मालकाने तो सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले अशाच आशयाचे विधेयक नामंजूर झाले होते. मुंबईत मात्र १९२९ मध्ये कायदा झाला. या विषयावरचा तो देशातील पहिला कायदा.

डॉ. आंबेडकरांच्या मांडणीतील ‘तोवर’ लवकर संपेल, असे तेव्हा अनेकांना वाटले असावे. तो अजून संपलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये केंद्राचा मातृत्व लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने त्यातील १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांवर गेली. आता हा कायदा स्वतंत्र उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचा समावेश झाला असून मूळ हक्क जवळपास जसेच्या तसे राहिले आहेत. कारखाने, खाणी, मळे, तसेच दहा वा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापना यांना तो लागू आहे. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की स्त्री पात्र ठरते. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन हयात अपत्ये असतील, तर पुढच्या वेळी १२ आठवडे मिळतात. दत्तक घेणाऱ्या किंवा सरोगसीद्वारे मूल झालेल्या मातेसाठीही १२ आठवड्यांची तरतूद आहे. दत्तक मुलाच्या वयाची जी अट कायद्यात घातली गेली, तिच्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गर्भपात झाल्यास सहा आठवडे आणि प्रसूतीतून आजार उद्भवल्यास आणखी एक महिना, या तरतुदींची माहिती तर मनुष्यबळ विभागांनाही अनेकदा नसते.

आणखी दोन बाबी तरुण जोडप्यांनी आवर्जून लक्षात ठेवाव्यात. रजेची लेखी सूचना द्यायची राहून गेली, एवढ्याने हक्क बुडत नाही. आणि नियुक्तिपत्रात काहीही लिहिलेले असले, तरी कायद्याहून कमी देणारा करार या बाबतीत निष्प्रभ ठरतो. रजेवर असलेल्या स्त्रीला त्या कारणाने कामावरून काढणे किंवा तिच्या सेवाशर्ती खालावणे बेकायदेशीर आहे.

न्यायालयांनी या हक्काची कक्षा सातत्याने रुंदावली आहे. १९७७ मध्ये कोइम्बतूरच्या श्रम न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका मळा-कामगार स्त्रीच्या प्रकरणात प्रश्न साधा होता: लाभ मोजताना रविवार धरायचे की नाही? आठवडा म्हणजे सात दिवस, असे न्यायालयाने ठरवले. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील, म्हणजे रोजंदारीवरील, स्त्रियांनाही हा लाभ मिळायला हवा असा निर्णय झाला. रस्त्यांच्या कामावर राबणाऱ्या बायकांना ‘तुम्ही कायम नाही’ असे सांगून महापालिकेला हात झटकता आले नाहीत. कंत्राटाची मुदत रजेच्या काळात संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागतो, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात मातृत्व रजा ही प्रजनन हक्कांचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या विवाहातून झालेल्या मुलासाठी तिला रजा नाकारली गेली होती, कारण पहिल्या विवाहातील दोन मुले आधीच मोजली गेली होती.

पण ही रजा द्यायची की नाही हा वाद न्यायालयात सुटतो. रजेचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न न्यायालयापुढे येतच नाही, आणि खरी गाठ तिथेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के भरतात. स्त्री असो वा पुरुष, वर्गणी सारखीच. प्रसूतीच्या काळातील वेतन या सामायिक निधीतून येते, मालकाच्या तिजोरीतून नव्हे. मात्र या योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून मासिक २१ हजार रुपयांवर थांबलेली आहे. २० हजार पगाराच्या विमाधारक स्त्रीला रजेवर पाठवताना मालकाला वेगळा पैसा मोजावा लागत नाही. तिच्या शेजारच्या टेबलावरील २२ हजारवालीसाठी त्याच मालकाला सहा महिन्यांचे सुमारे एक लाख ३२ हजार रुपये स्वतः द्यावे लागतात. मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवत नाही. पंधरा माणसांच्या छपाई कारखान्याला किंवा शिकवणी वर्गाला जाणवते, आणि मग मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न निघतो. तो विचारणाऱ्याला दोष देणे रास्तच आहे, पण त्याच्या तोंडी तो प्रश्न कायद्यानेच घातला आहे, हेही विसरता कामा नये.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही दिसणार नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण १९२९ च्या कायद्यानंतरच्या दशकांत घटत गेले. त्याला रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे अशी अनेक कारणे होती, पण प्रसूतीचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती हेही त्यांपैकी एक म्हणून नोंदले गेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात म्हणूनच हा लाभ सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून द्यावा, एकट्या मालकावर त्याचा थेट बोजा शक्यतो नसावा, असे तत्त्व आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. २०१८ मध्ये १५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांसाठी मालकांना सात आठवड्यांचे वेतन परत देण्याचा प्रस्ताव श्रम मंत्रालयाने मांडला होता. तो अंमलात आल्याचे दिसले नाही.

सामायिक निधीची कल्पना आपल्याला परकी आहे, असेही नाही. बांधकाम खर्चाच्या एक ते दोन टक्के उपकर घेऊन कामगार कल्याण मंडळे चालवण्याची तरतूद १९९६ पासून आहे. नव्या संहितेत अन्न पोहोचवणाऱ्या व टॅक्सी पुरवणाऱ्या ॲप-कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घेण्याची सोय आहे आणि त्यातून द्यावयाच्या लाभांत मातृत्वाचा उल्लेख आहे. कंपनीकडे किती स्त्रिया काम करतात, याच्याशी त्या अंशदानाचा संबंध नाही. हेच सूत्र लहान आस्थापनांना लावायला प्रशासकीय अडचण कोणती, हे मला तरी उमगत नाही. विमा योजनेची वेतनमर्यादा केवळ मातृत्व लाभापुरती उठवली, तरी निम्मे काम होईल.

या सगळ्या कायदेशीर चौकटीबाहेर देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्यांना किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ देऊ केला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार मिळतात आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच सहा हजार. कायद्यात अशी अपत्यसंख्येची अट नव्हती. पाच हजार रुपये २६ आठवड्यांवर पसरले, तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. एवढ्यावर कोणती शेतमजूर बाई घरी थांबू शकेल? तमिळनाडूच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत रोख आणि वस्तू मिळून १८ हजार रुपयांचा लाभ दिला जातो. म्हणजे राज्याने मनावर घेतले तर हे जमते.

राहिले वडील. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते, नाहीतर बुडते. सेवेत असताना असे अर्ज माझ्या टेबलावर येत. बहुतेकांचा सूर क्षमायाचनेचा असे, जणू हक्काची रजा नव्हे, सवलत मागितली जात आहे. खासगी क्षेत्रातील पित्याला केंद्रीय कायद्याने एकही दिवस दिलेला नाही. जे मिळते ते कंपनीच्या मर्जीने. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक आणले होते. असंघटित क्षेत्रालाही त्यात जागा होती. अशा बहुतेक विधेयकांप्रमाणे तेही कायद्यापर्यंत पोहोचले नाही.

रजा फक्त आईचीच राहिली, तर तिला कामावर घेण्यातली ‘जोखीम’ही फक्त तिचीच राहते. पाळणाघराच्या तरतुदीत हे नेमके दिसते. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तरच पाळणाघराची सक्ती होती. बायकांची संख्या तिसाच्या आत ठेवली की मालक मोकळा. २०१७ मध्ये ही चूक सुधारून एकूण ५० कर्मचाऱ्यांचा निकष आला, ज्यात पुरुषही मोजले जातात. मात्र त्याच कलमात दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन बाळाला भेटण्याची मुभा आहे ती केवळ स्त्री कर्मचाऱ्याला.