शिंगांचा नेचा : आपल्याच देशाचा, पण आपल्याला अनोळखी

मोठ्या शहरांतल्या रोपवाटिकांत हल्ली लाकडी फळीवर बांधून भिंतीला टांगलेले एक झाड दिसते. त्याला फूल नाही, फळ नाही, कुंडी नाही. फळीला चिकटलेली एक गोल ढाल आणि तिच्यातून बाहेर आलेली हरणाच्या शिंगांसारखी पाने, एवढाच त्याचा थाट. याला ‘स्टॅगहॉर्न’ म्हणजे शिंगांचा नेचा म्हणतात. विकला जाणारा हा नेचा बहुधा मूळचा ऑस्ट्रेलियाचा असतो. या घराण्याचा एक नेचा आपल्या देशातही रानात उगवतो, हे मात्र हौसेने झाडे लावणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक आहे.

त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लॅटिसेरियम वॉलिचिआय’. या वंशात जगभर सुमारे १८ जाती आहेत आणि भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी ही एकच. मणिपूरपासून म्यानमार, थायलंड आणि चीनच्या युनान प्रांतापर्यंत तिचे माहेर पसरले आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाची धुरा अनेक वर्षे सांभाळणारे डॅनिश वैद्य नॅथॅनियल वॉलिक यांच्या स्मरणार्थ १८५८ मध्ये तिला हे नाव मिळाले.

या नेच्याची राहणी समजून घेण्यासारखी आहे. तो उंच झाडाच्या खोडावर किंवा फांदीवर बसतो, पण बांडगुळासारखा त्या झाडाचा रस शोषत नाही. आधार झाडाचा, पोट मात्र स्वतःचे. त्याची पाने दोन प्रकारची असतात. ढालीसारखी पाने खोडाला बिलगून बसतात, वाळली तरी गळत नाहीत. त्यांच्या वरच्या मोकळ्या कडांमध्ये पालापाचोळा आणि पावसाचे पाणी साठते आणि तेच त्याचे खत होते. दुसरी शिंगांसारखी पाने जोडीजोडीने खाली लोंबतात. ती दोन फुटांपर्यंत वाढतात आणि बीजाणू, म्हणजे नेच्याचे बी, त्यांच्याच पाठीवर तयार होते.

कोकणातल्या वाचकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. आंब्याच्या जुन्या झाडांवर ‘बाशिंग’ नावाचा नेचा असतो. त्याच्या बुडाशीही तपकिरी, कागदासारख्या वाळक्या पानांची ओंजळ असते आणि तीही पाचोळाच गोळा करते. दोघे एकाच कुळातले आहेत.

कुदरतीने या नेच्याला आणखी एक शिकवण दिली आहे. त्याच्या रानात पावसाळा संपला की कित्येक महिने कोरडे जातात. तेव्हा पाने आखडून गुंडाळी होतात आणि झाड मेल्यासारखे दिसते. पहिला पाऊस पडला की तीच पाने पुन्हा उलगडतात आणि हिरवी होतात. बागकाम करणाऱ्यांना त्याचे वेड लागते ते यामुळे, आणि त्यांच्या हातून तो मरतो तोही यामुळेच. हिवाळ्यात तो सुकलेला पाहून घरची मंडळी काळजीने पाणी ओततात आणि विश्रांती घेणारे झाड कुजून जाते. म्हणून अनुभवी लोकही हा नेचा अवघड मानतात.

त्याच्या दुर्मिळतेमागे एक साधे कारण आहे. ऑस्ट्रेलियन नेच्याच्या बाजूला पिल्ले फुटतात. एक तोडून शेजारणीला दिले तरी आपले झाड तसेच राहते. वॉलिकचा नेचा एकटा वाढतो, त्याला पिल्ले येत नाहीत. त्याची नवी पिढी बीजाणूंतूनच येते. ते बीजाणू हिरवे असतात आणि असे बीजाणू फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे रानातून एक मोठे झाड काढले तर त्याच्या जागी दुसरे लवकर येत नाही. जुने वृक्ष तोडले गेले तर त्यांच्यावरचे नेचेही त्यांच्याबरोबर जातात. चीनने या जातीला राष्ट्रीय संरक्षित वनस्पतींच्या यादीत घेतले आहे.

मग हौस मारायची का? तसे नाही. प्रश्न रोप कुठून आले याचा आहे. बीजाणूंपासून किंवा ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले रोप घेतले तर रानाचे काही जात नाही. म्हणून विकत घेताना हे विचाराच. ढालीच्या मागे झाडाची साल चिकटलेली असेल, मुळे खरवडून काढल्यासारखी तुटलेली असतील, किंवा लहान रोपे अजिबात नसताना एखादेच भले मोठे जुने झाड विकायला असेल, तर ते रानातून आले असण्याची शंका घ्यावी आणि हात आखडता घ्यावा.

सुरुवात सोप्या ऑस्ट्रेलियन नेच्यापासून करावी. बीजाणूंपासून रोपे करण्याचा सरावही त्याच्यावरच होतो. पानांच्या टोकाशी तपकिरी थर पिकला की पान कागदाच्या पाकिटात ठेवावे, दोन-चार दिवसांत भुकटी गळते. पारदर्शक झाकणाच्या डब्यात नारळाचा भुसा घालून त्यावर उकळते पाणी ओतावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि भुकटी वरून अलगद भुरभुरावी. डबा झाकून उजेडात ठेवावा, उन्हात नको. काही आठवड्यांनी हिरवी साय धरते आणि मग नखाएवढ्या हृदयाकार पाकळ्या दिसू लागतात. आता गाळलेल्या, उकळून थंड केलेल्या पाण्याचा हलका फवारा द्यावा. या पाकळ्यांवरचे पुंबीज पाण्यातून पोहतच स्त्रीबीजापर्यंत जाते, म्हणून ओलाव्याशिवाय पुढचे झाड जन्मत नाही. खरी पाने त्यानंतर येतात आणि शिंगे दिसायला दोन-तीन वर्षेही लागू शकतात. मुलांना सोबत घेऊन करावा असा हा प्रयोग आहे, त्यात बीज नसलेल्या झाडांचा सगळा धडा डोळ्यांसमोर घडतो.

फळीवरचा नेचा गॅलरीत पूर्वेच्या कोवळ्या उजेडात टांगावा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात फजरनंतरच्या थंड वेळी फळी पाण्यात बुडवून निथळू द्यावी. हिवाळ्यात पाणी कमी करावे. ढालीची पाने तपकिरी झाली तरी उपटू नयेत, झाडाची शिदोरी तिथेच असते.

आणि कधी आपल्याकडे वॉलिकचा, प्रयोगशाळेत वाढवलेला नेचा आला, तर त्याच्या पानांवर बीजाणू पिकताच ते लगेच पेरावेत. पिल्ले न देणाऱ्या या झाडाची शेजारच्या घरी पोहोचण्याची तीच एक वाट आहे, आणि अशी रोपे जितक्या घरांत वाढतील तितकी रानातल्या झाडांची मागणी कमी होईल.