खालचे सूर

"मॅडम, ही दोन जाडजूड पुस्तकं आपल्या नांदगावात वाचणार कोण?"

वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीची बैठक होती. समिती म्हणजे फार मोठं काही नाही हं. पाच डोकी, पाण्याचा एक जग आणि विक्रेत्याकडून आलेली यादी. शाळेतून निवृत्त झाल्यावर ‘बाईंना वाचनाचा नाद आहे’ म्हणून मलाही त्यात घेतलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे अनुदान मिळतं, पण ते दुष्काळातल्या पाण्यासारखं पुरवून पुरवून वापरावं लागतं आणि त्या कामात आम्हा नांदगावकरणींचा हात कोण धरणार!

यादीत वाद झाला तो तीन पुस्तकांवरून. पहिलं, अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांचं ‘सिंफनी’. त्यात बाख, मोत्झार्ट, बीथोवन यांच्यापासून पार जॅझ आणि रॉकपर्यंतचं पाश्चात्त्य संगीत. दुसरं, गोडबोल्यांचंच ‘मनात’, म्हणजे फ्रॉइड, युंग आणि मंडळींसकट मानसशास्त्राची सगळी कथा. आणि तिसरं, सुप्त मनाच्या शक्तीने हवं ते मिळवून देणारं. त्याचं नाव सांगत नाही, तसली डझनभर आहेत. "मागणी त्यालाच आहे. त्याच्याच तीन प्रती घेऊ, ही दोन राहू द्या," असा एकंदर सूर होता.

तिसऱ्या पुस्तकाचं नाव ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढे सांगते. पण मी म्हटलं, "आठ दिवस द्या. तिन्ही वाचते आणि लेखी अभिप्राय देते."

म्हटलं खरं, पण घरी येऊन पिशवी ठेवली आणि घाबरले. सिंफनीतलं मला काय कळतंय? माझं वाद्यवृंदाचं ज्ञान लग्नातल्या बँडपुरतं. आमच्या भागात बँडशिवाय वरात निघत नाही, त्यामुळे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजताना ओळखता येतात, एवढंच. ज्या गोष्टीची चव कधी घेतली नाही, तिच्या पाककृतीला मार्क कसे द्यायचे?

मग एक युक्ती केली. पुस्तक मिटून ठेवलं आणि पुतणीला हाक मारली. ती अकरावीत आहे. "अगं, मोबाइलवर मोत्झार्टची चाळीसावी सिंफनी लाव बरं." पहिल्या अर्ध्या मिनिटात मी उडालेच. हे तर आपलं गाणं! १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात सलील चौधरींनी तलत महमूद आणि लताबाईंकडून गाऊन घेतलेलं. विविध भारतीवर भाकऱ्या थापता थापता किती वेळा ऐकलं असेल! १७८८ साली व्हिएन्नात लिहिलेली ती सुरावट आमच्या स्वयंपाकघरात कधीचीच येऊन बसली होती, मलाच पत्ता नव्हता.

त्या दिवशी मला पहिली कसोटी सापडली. संगीतावरचं पुस्तक चांगलं की वाईट, हे पुस्तकात बघून ठरतच नाही. ते वाचल्यावर दुसऱ्यांदा ऐकताना जास्त ऐकू येतं का, यावर ठरतं. ‘स्वर्गीय’, ‘अलौकिक’, ‘आत्म्याला भिडणारं’ असली विशेषणं कितीही ओतली तरी कानात काही भर पडत नाही. पण कुणी सांगितलं की, बाई गं, त्या सिंफनीत गाण्याची चाल सुरू व्हायच्या आधी क्षणभर खालून एक अस्वस्थ कुरकुर ऐकू येते, ती व्हायोलांची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने मोठी, आवाजाने खालची. चाल वर व्हायोलिनवर चालते आणि खाली व्हायोला तिला स्वस्थ बसू देत नाहीत. हे कळलं की पुढच्या वेळी कान आपोआप खाली जातो.

आपल्याकडे गवयाचा एक राग, एक धागा. बँडमध्येही सगळे मिळून बहुतेक एकच चाल वाजवतात. सिंफनीत मात्र पन्नास-साठ, कधी शंभरावर वादक, आणि एकाच वेळी वेगवेगळे धागे. प्रत्येकाने कधी काय वाजवायचं, हे संगीतकाराने आधीच कागदावर लिहिलेलं. हा फरक साध्या मराठीत ज्या पुस्तकातून समजतो, ते पास.

दुसरी कसोटी सांगोवांगीची. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात ठाऊक असेल, तीन छोटे ठोके आणि एक लांब. ‘नियती दार ठोठावते आहे’ असं म्हणे बीथोवन स्वतः म्हणाला. हे सांगितलं कुणी? त्याचा चिटणीस शिंडलर याने. बीथोवनला ऐकू येईनासं झाल्यावर लोक त्याच्याशी वह्यांत लिहून बोलत. त्या वह्यांमध्ये या शिंडलरने मागाहून आपल्या पदरच्या नोंदी घुसडल्या होत्या, हे १९७० च्या दशकात अभ्यासकांनी उघडकीला आणलं. म्हणून नियतीची गोष्ट जरूर सांगावी, पण ‘असं शिंडलर म्हणतो’ हे तीन शब्द जोडावेत. जे पुस्तक ते जोडतं, त्याच्या बाकीच्या पानांवरही माझा विश्वास बसतो. शेजारणीने आणलेली बातमी आपण नाही का आधी ‘तुला कुणी सांगितलं?’ असं विचारून घेत?

आता ते पोटातल्या गोळ्याचं.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी जाऊ दुसऱ्या बाळंतपणानंतर गप्प गप्प राहायला लागली. बाळ मांडीवर रडत असायचं आणि ही भिंतीकडे बघत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दिवसा डोळ्यांना खळ नाही. घरात कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे नाटकं आहेत. मी शिकलेली, शाळेत शिकवणारी. मी काय केलं? तसलंच एक सुप्त मनाच्या शक्तीचं पुस्तक आणून तिच्या हातात दिलं. रोज झोपताना ‘मी आनंदी आहे, मी निरोगी आहे’ असं वीस वेळा म्हणायचं, सुप्त मन ते खरं करून दाखवतं. बिचारी महिनाभर म्हणत राहिली. एका रात्री उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, माझ्याच मनात खोट असेल का हो? म्हणून मला होत नाहीये का?"

ते वाक्य अजून कानातून जात नाही. पुस्तकाने तिचा आजार बरा केला नाहीच, वर त्या आजाराचा दोषही तिच्याच पदरात टाकला. आणि ते आणून देणारी मी.

दुसऱ्या दिवशी एसटीने मनमाड, चांदवड करत तिला नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. "बाळंतपणानंतर असं नैराश्य पुष्कळ जणींना येतं. हा आजार आहे, यात तुमची चूक नाही," एवढं पहिलं वाक्य ऐकूनच ती ढसाढसा रडली. गोळ्या, डॉक्टरांशी बोलणं आणि घरच्यांनी रात्री बाळ सांभाळणं, असं आठ-नऊ महिने चाललं. हळूहळू माणूस परत आलं. ते मांडीवरचं बाळ म्हणजेच आता अकरावीत असलेली आमची ही पुतणी.

तर मैत्रिणींनो, मनावरच्या पुस्तकाची परीक्षा ही माझ्यासाठी गंमत नाही. संगीताचं पुस्तक वाईट निघालं तर फार तर एक दुपार वाया जाते. मनाचं वाईट निघालं तर माणूस हातचं जायची वेळ येते.

तिथे मी आधी शब्द तपासते. सुप्त म्हणजे झोपलेलं. पण फ्रॉइड ज्या मनाबद्दल बोलला ते मुळीच झोपलेलं नाही. आपण नको म्हणून आत ढकललेलं तिथे जागं असतं आणि स्वप्नातून, चुकून निसटलेल्या शब्दातून डोकं वर काढतं, असं त्याचं म्हणणं. त्याला ‘अबोध मन’ म्हणणं जास्त बरं. त्याहून मला आवडतो तो आपला जुना शब्द, ‘नेणीव’. जाणिवेची सख्खी बहीण. आपण ‘नेणतं लेकरू’ म्हणतो, त्याच घरातला. नेणीव म्हणजे जे आपल्याला ठाऊक नाही ते. जे ठाऊकच नाही, त्याला हुकूम सोडून मोटार आणि बंगला कसा मागवणार? शब्द नीट वापरला की निम्मी भोंदूगिरी तिथेच गळून पडते.

दुसरं पाहते ते हे, की पुस्तक फ्रॉइडची मतं मतं म्हणून सांगतं की वेदवाक्य म्हणून. त्याच्या कितीतरी कल्पना आज मानल्या जात नाहीत. पण आपल्या नकळत मनात पुष्कळ काही चालू असतं, ही गोष्ट मात्र टिकून राहिली. दोन्ही सांगायला हवं.

आणि शेवटचं, चमत्कार. रशियन संगीतकार रखमानिनॉफची पहिली सिंफनी १८९७ साली सपशेल आपटली. गडी असा खचला, की तीनेक वर्षं त्याच्या हातून धड काही लिहून होईना. १९०० साली तो डॉक्टर निकोलाय डाल यांच्याकडे गेला. ते संमोहनाने उपचार करत आणि स्वतःही संगीताचे शौकीन होते. पुढे १९०१ मध्ये त्याने पियानोचा दुसरा कॉन्चेर्टो पुरा केला आणि तो डॉक्टर डाल यांनाच अर्पण केला. आता हीच गोष्ट एखादं पुस्तक ‘सुप्त मनाला आज्ञा दिली आणि अजरामर संगीत बाहेर आलं’ अशी सांगेल. दुसरं सांगेल की एक जाणता डॉक्टर होता, काही महिने रोजचं जाणं-येणं होतं, बोलणं होतं, काळ होता, आणि यातल्या कशाने किती गुण आला हे सांगता येत नाही. नाशिकच्या फेऱ्या केलेली बाई यातल्या कुठल्या पुस्तकावर विश्वास ठेवेल, हे सांगायला नकोच.

या फूटपट्ट्या लावून मी अभिप्राय लिहिला. ‘सिंफनी’ आणि ‘मनात’ दोन्ही घ्यावीत. एवढा मोठा पसारा एकेका पुस्तकात मांडायचा, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच पानं येणार. ही पुस्तकं म्हणजे उंबरठा आहे, आख्खं घर नाही. पण ती माहिती देतात, वचनं देत नाहीत. तिसरं घेऊ नये.

बैठकीत पुन्हा तोच प्रश्न आला, "पण वाचणार कोण?" मी म्हटलं, "फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९ च्या अखेरीला निघालं, मुखपृष्ठावर १९०० साल घालून. प्रती किती? सहाशे. त्या खपायला आठ वर्षं लागली! आपल्या कपाटात दोन पुस्तकं चार वर्षं थांबली तर काय बिघडलं?" सगळे हसले. शेवटी तडजोड झाली. दोन्ही आली आणि तिसऱ्याचीही एक प्रत आली. वाचकांची मागणी शेवटी मोडता येत नाही. मी फारसं ताणलं नाही.

‘मनात’ सगळ्यात आधी नेलं ते माझ्या जावेने. नैराश्यावरचं शोधून वाचलं आणि मला म्हणाली, "ताई, हे तेव्हा मिळालं असतं तर?" मला उत्तर सुचलं नाही. मी नुसता तिचा हात धरला.

परवा रात्री दिवे गेले होते. आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. पुतणीने मोबाइलवर पुन्हा ती चाळीसावी लावली. स्टेशनातून एक मालगाडी सावकाश निघून गेली, तिचा आवाज विरला. जाऊ डोळे मिटून ऐकत होती. मी काही सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ताई, गाण्याच्या खाली आणखी काहीतरी चाललंय, नाही? मघाचपासून चाललंय. आत्ता ऐकू आलं."