स्वस्त टर्नटेबलचा आवाज नेमका कुठे बिघडतो?

घरच्या गीतरामायणाच्या एलपीवर कडेच्या गाण्यात ‘श’ आणि ‘स’ स्वच्छ यायचे. सुई आत सरकली की तेच ‘श’ फाटायचे. तबकडी जुनी आहे, झिजली असणार, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. हा सगळ्यात पक्का गैरसमज. दोष बऱ्याचदा सुई धरणारं कार्ट्रिज बसवण्यात असतो. बारा इंची एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर वेगाने जाते, शेवटच्या गाण्यापाशी जेमतेम २१. तेवढ्याच कंपनांना जागा निम्म्याहून कमी. त्यामुळे कार्ट्रिज किंचित तिरकं असलं तरी तिथे लगेच कळतं. कार्ट्रिजचा कोन तपासायचा, कागदावर छापलेला अलाइनमेंट प्रोट्रॅक्टर, दोन बारीक स्क्रू आणि तासभराचा संयम एवढ्यावर माझे ‘श’ जागेवर आले. जाड वायर आणि महागडी मॅट यांचा विचार त्यानंतर.

दुसरा समज असा, की सुईचा भार जितका कमी, तितकी तबकडी सुरक्षित. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या वळणावर खाचेची भिंत सोडते, पुन्हा आदळते आणि भिंत खरवडते. उलट टोक म्हणजे सुई उडते म्हणून टोन आर्मच्या टोकाच्या हेडशेलवर रुपयाचं नाणं चिकटवणं. नाणं तीन ग्रॅमच्या वर असतं, तर ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या लोकप्रिय कार्ट्रिजला एकूण भारच २ ग्रॅम हवा, १.८ ते २.२ च्या आत. अँटी-स्केट (सुईची आतली ओढ तोलणारी सोय) शून्यावर ठेवा, सुईचं टोपण काढा, मागचं वजन फिरवत टोन आर्म हवेत आडवा तरंगू द्या. मग आकड्यांची फक्त चकती शून्यावर आणा आणि वजन चकतीसकट दोनपर्यंत फिरवा. अँटी-स्केटही दोनवर. छोटा डिजिटल काटा मिळाला तर खातरजमा करून घ्या.

मात्र प्रत्येक यंत्रात हे जमत नाही. एटी-एलपी६० सारख्या पूर्ण स्वयंचलित मॉडेलला फिरवायचं वजनच नसतं. तिथे सुई आणि पट्टा बदलावा, बाकी उघडू नये.

आतला प्रीअँप काढून टाकला की आवाज खुलतो, हेही सरसकट खरं नाही. एलपी कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर उचलतात. प्रीअँप ते उलटं करतो आणि काही मिलिव्होल्टचा सिग्नल वाढवतो. तो एकदाच व्हावा. आतला प्रीअँप चालू ठेवून वायर अँप्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये लावली, तर दुहेरी प्रक्रियेने खर्ज घुमतो आणि आवाज फाटतो. आधी मागची कळ बघा. बाहेरचा चांगला प्रीअँप त्या कळीनेच लावता येत असेल, तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायची गरज नाही.

आणि नाट्यसंगीताच्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर एक कळकळीची विनंती: त्यांच्यावर एलपीची सुई ठेवू नका. तिचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं, तर ७८च्या खाचेला सुमारे ७६ मायक्रॉनचं हवं. बारीक टोक खाचेच्या तळाशी घासत जातं, तिथली धूळ तेवढी ऐकू येते आणि सुईही लवकर जाते. व्हीएम९५च्या त्याच कार्ट्रिजवर ७८ची एसपी सुई बसते. फक्त भार ५ ग्रॅमवर न्यायचा, आणि पुन्हा एलपी लावण्याआधी सुई बदलून तो २ वर आणायचा.